बोटाला कळतं

शब्द तोंडातून निसटला आणि मगच प्रफुल्लला कळलं की आपण बोललो. "ओव्हल आहे. नाही चालायचा." एवढंच. तेही काही ओरडून नाही, चहात साखर कमी आहे म्हणावं तितक्याच आवाजात. पण सातपूरच्या त्या भाड्याच्या गाळ्यात तेव्हा लेथ बंद होतं, पंखा बंद होता आणि ऐकायला तिघंच जण होती: तो स्वतः, त्याची मुलगी चैताली आणि चैतालीचं पहिलं गिऱ्हाईक, मालेगावचे जमीलभाई. जमीलभाईंच्या यंत्रमागांसाठी चैतालीने नमुन्याचे चाळीस बुश करून ठेवले होते, ते पसंत पडले तर पाचशेची ऑर्डर. बुश म्हणजे फार मोठी चीज नव्हे. शाफ्ट ज्यात फिरतो ती गनमेटलची जाड कडी. पण तिचं भोक नीट गोल नसेल तर शाफ्ट घासतो, माग थरथरतो आणि कापडात खोट येते. प्रफुल्लने पेटीतून एक बुश उचलला होता, सहज. करंगळी आत घालून एक वेढा फिरवला होता, तोही सहज. सत्तावीस वर्षं इन्स्पेक्शनला काढलेल्या माणसाची करंगळी ती, भोक दिसलं की आत जाणारच. जमीलभाईंनी त्यांच्या हातातला बुश परत पेटीत ठेवला. आदळला नाही, अंडं ठेवावं तसा ठेवला. "लडकी के वालिद खुद बोल रहे हैं, तो मैं क्या बोलूं?" असं म्हणाले आणि मग मराठीत, चैतालीकडे न बघता, "बेटा, मी पाचला मालेगावला निघतो. त्याच्या आधी सांगतो, हो का नाही ते." चैतालीने चिंधीला हात पुसले आणि पुसलेले हात पुन्हा पुसले.

जरा येतो, असं काहीतरी पुटपुटून प्रफुल्ल बाहेर पडला. कुठे येतो, कधी येतो, काही नाही. उन्हात आल्यावर त्याला वाटलं परत जावं, आणि त्याच वेळी पाय बसस्टॉपकडे चालत सुटले. आता माणसाने गप्प बसावं की नाही? नेमकी आजच रजा काढायची काय गरज होती? पोरीने तर बोलावलंही नव्हतं. "आलात तर या," म्हणाली होती, आणि त्या बोलण्याचा अर्थ न येण्याकडे झुकणारा आहे हे न कळण्याइतका तो काही बावळट नव्हता. तरी गेला. इस्त्रीचा शर्ट घालून गेला. जमीलभाई त्याला ओळखतात, त्याच्या कंपनीतून पूर्वी भंगारात निघालेल्या मोटारी त्यांनी घेतलेल्या, त्यामुळे आपण नुसते उभे राहिलो तरी पोरीला वजन येईल, असा हिशेब. वजन आलंच! सोमवारी सकाळी आठ वाजता चैतालीने त्याच्याच कंपनीत, त्याच्याच खात्यात, शिकाऊ इन्स्पेक्टर म्हणून हजर व्हायचं, असं साहेबांशी बोलून ठेवलेलं होतं. त्यानेच शब्द टाकला होता. चैताली नको म्हणत होती, आणि शेवटी आईपाशी कबूल झाली होती, की जमीलभाईंची ऑर्डर नाही आली तर लेथ विकते आणि गुपचूप सोमवारी जाते. हे प्रफुल्लला ठाऊक होतं. ठाऊक असतानाच करंगळी आत गेली होती, ठाऊक असतानाच तोंड उघडलं होतं. आणि आता पायाखालची वाळू सरकवणारा प्रश्न हा होता, की तो बुश खरोखरच ओव्हल होता का? भोक मोजायचं गेज तिथेच भिंतीला टांगलेलं होतं, हातभर अंतरावर. ते उचलायचं, आत सोडायचं, काटा बघायचा, दहा सेकंदांचं काम. ते त्याने केलं नाही. मग बोटाला लागलं ते काय होतं? भोकाचा दोष, की सोमवार?

बस आली, तो चढला आणि बसल्या बसल्या समोरच्या सीटचा सैल झालेला स्क्रू त्याने अंगठ्याने फिरवून पाहिला. जित्याची खोड. संजना, त्याची बायको, याला "तुमचा रोग" म्हणते. लग्नाच्या पंगतीत हा खुर्ची डुगडुगते का ते आधी बघणार, मग टेकणार. कुणी नवं घर घेतलं की चहा घ्यायच्या आधी फरशीवर टाचेने ठोकून पोकळ कुठे वाजते ते सांगणार, आणि यजमानाचं तोंड कडू करून वर पोहे मागणार. "मला बघायला आले तेव्हा," संजना बायकांना सांगते, "मी कप पुढे केला, तर यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. काठावरनं बोट फिरवलं आणि म्हणाले, टवका गेलाय." सगळ्या हसतात. तोही हसतो. पण आज बसमध्ये त्याला ते आठवून हसू आलं नाही. टवका होता, हे खरं. पण समोर एकोणीस वर्षांची मुलगी हातात ट्रे घेऊन उभी होती, तिच्या कपाळावर घाम आलेला, ते त्याला दिसलंच नव्हतं. नंतर तिनेच सांगितलं म्हणून कळलं. कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ते जागोजाग खोदलेले, बस द्वारका चौकात येऊन जी थांबली ती थांबलीच, आणि बाहेर पडायला वाव नसला की मन मागे पळतं तसं त्याचं मागे पळायला लागलं. घरी जायचं नाही, संजनाच्या "काय झालं?"ला तोंड द्यायचं नाही, एवढंच ठरलेलं होतं. बस नाशिक रोडला जाणारी होती. नाशिक रोडला आबा होते, त्याचे वडील, कारभारी. म्हणजे पाय उगाच चालत सुटले नव्हते तर.

"आपल्या घरात कोणी काही बनवलंच नाही का हो कधी?" चैतालीने एकदा विचारलं होतं. जुनं लेथ टेम्पोतून उतरलं त्या दिवशी, हाताला ग्रीस, कपाळाला ग्रीस. भांडायला म्हणून नाही, पोरगी खरंच विचारत होती. आणि प्रफुल्लने बोटं मोजली तर खरंच कोणी नव्हतं. पणजोबा रावजी निफाडकडच्या गावात शिवेचे साक्षीदार. दोन गावांत हद्दीवरून डोकी फुटायची वेळ आली की रावजीला पुढे घालत. तो चालेल ती शीव, तो थांबेल तिथे दगड. चारी बाजूंचे लोक त्याच्या पावलांकडे डोळे लावून मागे चालत. एवढा मोठा मान! आणि त्या शिवेच्या आत त्याची स्वतःची वीतभर जमीन नाही, आणि ज्याला शीव दाखवायची त्याच्या विहिरीवर हंडा बुडवायची सोय नाही. आजोबा देवरामने तो मान लाथाडला आणि रेल्वेत चावीवाला झाला. ओढा स्टेशनापासून खेरवाडीकडे, रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून रुळांच्या कडेने चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत जायचं. सैल वाजली की बसवायची, न बसली तर लाल झेंडी. पस्तीस वर्षं तो माणूस ठोकत चालला. मेला तेव्हा शेवटचे तीन दिवस खाटेच्या लाकडावर बोटाचं पेर आपटत होता, टक, टक, आणि मधेच थांबून कान द्यायचा. लहानग्या प्रफुल्लला त्या थांबण्याची भीती वाटे. मग आबा. सातपूरला मोठा कारखाना आला तेव्हा हेल्पर म्हणून लागले आणि बारा वर्षांत इन्स्पेक्टर झाले, बाहेरून येणारा माल तपासणारे. पास की बाद, खाली सही. लोक आबांच्या सहीला घाबरत, आणि आबा स्वतः त्याहून जास्त घाबरत. "आपल्या सहीकडं लोक भिंग लावून बघतात," ते म्हणायचे. "दुसऱ्याची चूक त्याच्या एकट्याची. आपली चूक साऱ्या वस्तीची." हे ते जेवताना म्हणायचे, बूट घालताना म्हणायचे, आणि प्रफुल्लला दहावीला गणितात एक मार्क कमी पडला तेव्हाही म्हणाले होते. शीव, रूळ, माप. खाण तशी माती. चार पिढ्या दुसऱ्याच्या केलेल्या कामावर बोट ठेवत आल्या, आणि बोट ठेवता ठेवता बोट हुशार झालं, बाकीचा हात तसाच राहिला.

तसाच, म्हणजे अगदीच तसा नाही. मध्ये एक सव्वा वर्ष होतं. अठ्ठ्याण्णव साल. ते वर्ष प्रफुल्ल सहसा आठवत नाही. आठवलंच तर दुसऱ्या कोणाचं तरी असल्यासारखं आठवतो. तो आणि नवनाथ, दोघं आयटीआयचे, दोघांनी अंबडच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ टाकलं होतं. नवनाथ शिट्टी वाजवत काम करायचा, आणि शिट्टी थांबली की समजायचं टूल तुटलं. प्रफुल्लचा हात तेव्हा चांगला होता. खरंच चांगला होता, हे तो आज कोणाला सांगू शकत नाही, पण होता. लोखंडाची चिप निळी होऊन वळत वळत खाली पडायची, तेलाचा वास नाकात बसायचा, घरी जेवताना भाकरीलाही यायचा, आणि तो वास त्याला आवडायचा. आबांच्याच कारखान्याची ऑर्डर मिळाली, चारशे बुश. मिळाली म्हणजे नवनाथने खरेदी खात्यात खेटे घालून मिळवली, आबांनी शब्द टाकला नाही, टाकणारही नव्हते. दोघांनी सतरा दिवस राबून माल केला, पेटीत भरला, वर तेलाचा कागद घातला, आणि नवनाथने खिळे ठोकताना पेटीला नमस्कार केला. तो माल तपासायला गेला तो आबांपुढे. दुसऱ्या दिवशी पेटी परत. चिठ्ठीवर लाल शाईत, बोअर ओव्हल, सर्व नग बाद, आणि खाली ती सही. नवनाथ वेडापिसा झाला. "आपण मोजलेत रे एकेक! चल, पेटी फोड, गेज आणतो मी कुठून तरी, परत मोजू." आणि प्रफुल्ल म्हणाला होता, हे त्याला शब्दन् शब्द आठवतं, "आबांनी मोजलंय. त्यावर परत काय मोजायचं?" या वाक्यात त्याला तेव्हा कुठे काही चूक दिसली नव्हती. त्या घरात वाढलेल्या कोणालाच दिसली नसती. सही झालेला माल परत मोजणं म्हणजे बापाच्या थोबाडीत मारणं. महिन्याभराने पेटी आली तशीच भंगारात गेली, पाठोपाठ लेथ गेलं, नवनाथने त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि त्याच वर्षाच्या दिवाळीनंतर प्रफुल्ल दुसऱ्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला लागला. "बरं झालं," आबा म्हणाले होते. "करणाऱ्याला हजार डोळे बघतात. बघणाऱ्याला कोण बघतंय?" प्रफुल्लने मान डोलावली होती. आता, द्वारकेच्या धुळीत, बसच्या खिडकीला कपाळ लावून बसलेल्या त्याला वाटलं, आपण मान फार लवकर डोलावली.

आबांच्या कॉलनीत तो पोचला तेव्हा तीन वाजून गेले होते. आई, भिमाबाई, ओट्यावर मेथी निवडत बसलेली, आणि आबा तिच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत. एक्याऐंशीचे झाले तरी शर्टाचं वरचं बटण लावलेलं. "या वेळंला?" आई म्हणाली. "रजा हाय का? आन् तोंड का उतरलंय? जेवलास का?" तीन प्रश्न, उत्तर कोणत्याच प्रश्नाचं नको. आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. आबांनी मात्र एकच विचारलं. "आज पोरीचं गिऱ्हाईक येणार व्हतं ना? काय झालं?" प्रफुल्लने सांगितलं. उभ्या उभ्या, पाणी न पिता सांगितलं. पेटी, करंगळी, शब्द, जमीलभाईंचं ठेवणं, चैतालीचे हात. सांगताना त्याला वाटत होतं आबा चिडतील, निदान च्च करतील. आबांचा चेहरा उजळला. ते खुर्चीत सावरून बसले. "बिन गेजाचं कळलं तुला?" त्यांनी विचारलं, आणि स्वतःचाच उजवा हात वर करून बोटांकडे बघितलं. "कळतं. बोटाला कळतं. डोळा फसतो, बोट नाय फसत." आई मेथीच्या काड्या ताटलीत टाकत म्हणाली, "अवो, पोरीची आरडर गेली आन् तुम्हाला बोटाचं कौतुक! बापलेक एकाच माळंचे मनी." आबा ऐकू न आल्यासारखे हसत राहिले. त्या हसण्याचा प्रफुल्लला राग आला. इतका राग की त्याचा त्यालाच धक्का बसला. हे कौतुक त्याने सत्तावीस वर्षं वाट बघून बघून सोडून दिलं होतं, आणि आज मिळालं ते यासाठी. तो काही विचारायला आला नव्हता. निदान तसं ठरवून आला नव्हता. पण तोंड आज त्याच्या ताब्यात नव्हतंच.

"आबा, त्या आमच्या चारशे बुशांत ओव्हल किती होती? किती शतांश?"

आबांचा हात खाली आला. आईची बोटं मेथीच्या जुडीत थांबली. गल्लीत कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती, पुन्हा करत होतं. "आता कशाला ते," आबा म्हणाले. "आठवतंय का विचारतोय," प्रफुल्ल म्हणाला. "तुम्हाला सगळी मापं आठवतात. पंच्याऐंशी साली कुठल्या व्हेंडरचा कुठला पीस किती बाद होता ते तुम्ही लग्नात उभे राहून सांगता. मग आमचा सांगा. दोन शतांश? तीन?" आणि मग आईच म्हणाली, जुडीकडे बघत, "सांगून टाका. आता वर काय घिऊन जायचंय?" म्हणजे हिला माहीत होतं. काय माहीत होतं? आबांनी घसा खाकरला. "मला नाय माहीत," ते म्हणाले. "पेटी उघडली नाय मी."

प्रफुल्लला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण आबा एकदा बोलायला लागल्यावर थांबले नाहीत. खाली बघून, एका सुरात, कोणाची तरी तक्रार वाचून दाखवावी तसे बोलत गेले. नवा मॅनेजर आला होता. खात्यात चार दिवस कुजबूज चाललेली, कारभारीच्या पोराचा माल येतोय, आता बघा कसा पास होतो. एकाने तर तोंडावर म्हटलं, गेज घरीच ठेवून या उद्या. "पेटी टेबलावर आली तवा पाच-सहा जण उगाच येऊन उभं राहिलं. मी चिठ्ठी काढली. म्हणलं, आधी भरून टाकू. भरली. सही केली. मग कशाला उघडायची?" ते थांबले. "पास निघाला असता तर मला सही करता आली नसती, प्रफुल्ल. म्हणून नाय उघडली." तेल लावलेला कागद, त्याखाली चारशे बुश, आणि वर नवनाथचे खिळे जसेच्या तसे. "माझी सत्तावीस वर्षं गेली, आबा," तो म्हणाला, आणि आवाज चढला तसा चढू दिला. "माझा हात होता! चांगला हात होता माझा! तुम्ही एक पीस तरी बघायचा, एक! बाद निघाला असता तर बाद. पण बघायचा तरी!" शेजारच्या खिडकीतून कोणीतरी डोकावलं. आबांचा खालचा ओठ थरथरत होता आणि म्हाताऱ्या माणसाचा ओठ थरथरताना बघवत नाही, म्हणून प्रफुल्लने तोंड फिरवलं. आणि तोंड फिरवल्यावर त्याला नवनाथ दिसला, पत्र्याच्या शेडमध्ये हातोडी घेऊन उभा, चल, पेटी फोड म्हणणारा. खिळे उलट्या हातोडीने निघाले असते. पाच मिनिटांचं काम होतं. पेटी आबांनी उघडली नाही, ठीक. आपण तरी कुठे उघडली? महिनाभर ती शेडमध्ये पडून होती, तिच्यावर बसून आपण डबा खाल्ला. आबांना पाच माणसांची भीती होती. आपल्याला कशाची होती? माल चांगला निघाला असता तर बाप खोटा ठरला असता, ही? की माल चांगला निघाला असता तर मग आयुष्यभर तो करत बसावं लागलं असतं, ही? बघणाऱ्याला कोण बघतंय. मान किती आनंदाने डोलली होती! तो ओट्यावर टेकला. आईने तांब्या पुढे सरकवला, आणि या खेपेला तो पाणी प्यायला.

चार वाजायला आले होते. त्याने फोन काढला आणि चैतालीच्या नावावर अंगठा नेला, आणि तिथून उचलला. तिला काय सांगणार? मी येतो, गेज लावतो, बघतो? पुन्हा तेच. त्याने जमीलभाईंना लावला. "जमीलभाई, सकाळी मी बोललो ना, तो पीस मी मोजला नव्हता." पलीकडे पानाचा तोबरा असावा, तो थुंकून जमीलभाई म्हणाले, "क्या बात करते प्रफुल्लभाई, आपकी उंगली तो सातपूर में मशहूर है." प्रफुल्ल म्हणाला, "उंगलीचं सोडा. मी न मोजता बोललो. मला तसं बोलायचा हक्क नव्हता." जमीलभाईंनी विचारलं, "मतलब माल बरोबर आहे?" "मला माहीत नाही." "अहो, मग मी काय समजायचं? बरोबर का चूक?" "चैतालीला विचारा," प्रफुल्ल म्हणाला. "तिने बनवलाय. ती सांगेल ते खरं." त्याने फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखाद्या मालाबद्दल मला माहीत नाही असं म्हटलं होतं, आणि तेही ज्याने त्याला कधी अडाणी पाहिलं नव्हतं अशा माणसाला. आबा सगळं ऐकत होते. आईने मेथी उचलली आणि आत गेली, आतून फोडणीचा वास यायला लागला, आणि तो नुसताच ओट्यावर बसून राहिला. आता चैतालीने माल बरोबर आहे म्हटलं आणि पीस खरंच ओव्हल असला तर? पाचशेचा माल बाद होऊन परत आला तर? जाऊन एकदा करंगळी फिरवून यावं का? त्याने उजवा हात मांडीखाली दाबून धरला. पाच वाजायला वीस मिनिटं, पंधरा मिनिटं, दहा.

चैतालीचा फोन पाचला पाच मिनिटं असताना आला. "बाबा, तुम्ही त्यांना काय सांगितलंत?" आवाजावरून काही कळत नव्हतं. त्याने सांगितलं. "हं," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर मी सगळे चाळीसच्या चाळीस परत मोजले. एकोणचाळीस ठीक आहेत. तुम्ही उचललेला तेवढा ओव्हल आहे. लेथच्या चकमध्ये पकडताना जास्त आवळला गेला माझ्याकडून." प्रफुल्लचे डोळे मिटले. म्हणजे बोट खोटं बोललं नव्हतं. त्याला हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, आणि लगेच त्या वाटण्याची लाज वाटली. "मी जमीलभाईंना तसंच सांगितलं," चैताली म्हणाली. "एक बाद आहे, चूक माझी, कारण हे आहे. ते म्हणाले, पाचशे नाही देणार. शंभर दे, मागाला लावून बघतो, मग पुढचं. तर ते शंभर करतेय मी." "चैताली—" "थांबा, मला बोलू द्या. तुम्ही बरोबर होतात याचाच मला जास्त राग आलाय. चुकला असतात तर मी हसून सोडून दिलं असतं. यापुढे गिऱ्हाईक असताना तुम्ही गाळ्यावर यायचं नाही. आणि साहेबांना आजच कळवा, मी सोमवारी येत नाही." "कळवतो," तो म्हणाला. आणि मग, ती फोन ठेवेल या भीतीने घाईघाईत, "तुझा हात चांगला आहे." "एकच तर उचललात तुम्ही," ती म्हणाली. "चाळीसांतला एक." आणि ठेवला.

"काय म्हणती?" आबांनी विचारलं. प्रफुल्लने सांगितलं: शंभरची ऑर्डर, सोमवार रद्द, एकोणचाळीस ठीक, एक बाद. तो एक कोणता, तेही सांगितलं, लपवायचं कशाला? आबांचा हात मघासारखा वर यायला लागला, बोटांकडे बघायला, आणि अर्ध्यावरच थांबला. खुर्चीच्या दांड्यावर उतरून पडून राहिला. पोरीने चाळीसच्या चाळीस मोजले होते. तेवढंच ते दोघं बापलेक मनात घोळवत बसले. चारशे नग कुठल्या भट्टीत वितळले, त्यांचे पुढे नळ झाले की कुलपं झाली, ते बरोबर होते की बाद, हे आता कोणाला कधी कळणार नव्हतं. आणि ते न कळणं आता मरेपर्यंत आपल्या दोघांत राहणार, प्रफुल्लच्या मनात आलं. राग गेला नव्हता. पण त्या रागात आता तो एकटा नव्हता, हे विचित्र होतं.

"त्यो नवनाथ कुठं असतो आता?" आबांनी एकदम विचारलं.

"पिंपळगावला. टेम्पो आहे स्वतःचा, द्राक्षांची भाडी मारतो." लग्नकार्यात भेटला तर "काय इन्स्पेक्टर" म्हणून न थांबता पुढे जातो. ते प्रफुल्लने सांगितलं नाही.

"नंबर हाय का? लाव."

"काय सांगणार त्याला? आबा, सोडा आता. इतक्या वर्षांनी—"

"तू लाव तर."

आयटीआयच्या ग्रुपवर नंबर होता, तो प्रफुल्लने पहिल्यांदाच लावला. चार वेळा वाजला, मग हायवेचे हॉर्न, वारा आणि त्यातून ओळखीचा, जरा जाड झालेला आवाज. "हां, बोल इन्स्पेक्टर. आज कशी काय आठवण?" प्रफुल्लने फोन पुढे केला. आबांनी तो दोन्ही हातांनी धरला, तोंडाच्या फार जवळ. आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती.

"नवनाथ, मी कारभारी बोलतो. प्रफुल्लचा बाप," ते म्हणाले. "गाडी जरा कडंला घे, बाळा. एक सांगायचं राहिलंय माझ्याकडून."

तिकडे टेम्पोचं इंजिन बंद झालं, आणि आबा बोलायला लागले.